फाटकापलीकडे राहिलेलं प्रस्थान

पनवेलला विमानतळ होणार, हे पिल्लू पहिल्यांदा कुणी सोडलं ते मला माहीत नाही. पण नव्वदीच्या उत्तरार्धात ते गावभर हुंदडत होतं. तेव्हा लोकल बेलापूरपर्यंत आली होती आणि पनवेलला 'आलीच' असं तीन वर्षं चाललं होतं. लोकलचाच पत्ता नाही, तिथे विमानाच्या गप्पा. पुढे पुढे तर त्या गप्पांना आणखी पालवी फुटली: स्टेशनातून थेट विमानतळात गाडी जाणार, बॅग उचलायची नि विमानात ठेवायची, मध्ये चढउतार नाही.

माझ्या बाबांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ती गाडी उभी कुठं करनार?"

बाबा रेल्वेत गँगचे मुकादम होते. रुळाखालची खडी भरणारी, रूळ सरळ ठेवणारी जी माणसं असतात, त्यांचे म्होरके. उभा जन्म त्यांनी आपटा ते पनवेल या पट्ट्यात काढला आणि आदल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. आपट्याला फाटकाजवळ आमचं घर. त्यामुळे रेल्वेबद्दल इतर लोक बोलत, बाबा निकाल देत. त्यांचं म्हणणं असं की दिव्यापासून रोह्यापर्यंत रूळ एकच. दोन्हीकडच्या गाड्या त्याच रुळावरून. समोरून एक आली की दुसरीनं स्टेशनात बाजूला उभं राहायचं आणि तिला जाऊ द्यायचं, याला क्रॉसिंग म्हणतात. त्यातच बंदरातले कंटेनर, खताची पोती, कारखान्यांचा माल. एवढी रहदारी एका रुळावर. "आधी दुसरा रूळ टाका," बाबा म्हणायचे, "मंग थेट गाडी न्या नायतर वाकडी न्या."

मला तेव्हा हे म्हातारपणाचं कुरकुरणं वाटायचं. मी पनवेलला एका शाळेत भूगोल शिकवत होते, सासर पनवेलचंच. वर्गात पोरांना जगाचा नकाशा दाखवायचे आणि स्वतः मात्र दादरच्या पलीकडे क्वचित गेले होते. विमानतळ तर मी सहलीतही पाहिला नव्हता. तो पाहायचा योग येणार होता माझ्या धाकट्या बहिणीमुळे.

धाकटी नर्स झाली होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकली आणि तिथल्याच एजंटाकडून तिला मस्कतच्या इस्पितळात नोकरी मिळाली. आमच्या सात पिढ्यांत समुद्र ओलांडलेलं कुणी नव्हतं. समुद्राशी संबंध आईच्या माहेरचा, तोही मिठागरातल्या गुडघाभर पाण्यापुरता. एजंटानं बजावलं होतं की ठरलेल्या दिवशी ठरलेल्या विमानानं गेली नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. विमान दुपारी तीनचं. बाराच्या आत सहारच्या विमानतळावर हजर व्हायचं.

आता पनवेलहून सहारला जायचं कसं, यावर आमच्या घरात आठवडाभर युद्ध झालं. आमच्याकडे कुणी आखाताला निघालं की भाड्याची जीप करायची आणि अर्धी आळी पोचवायला न्यायची, ही रीत. मी म्हटलं, जीप नको तर एसटीनं बेलापूर, तिथून लोकल. बाबांनी दोन्ही उडवून लावलं. आपल्या पॅसेंजरनं दिवा, मग दादर, मग पूल ओलांडून अंधेरी, तिथून रिक्षा.

"चार वेळा चढायचं-उतरायचं, बॅगा घेऊन?" मी विचारलं.

"रेल्वेच्या घरातली पोर हाय ती."

मी तणतणले. बाबांचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. पण रात्री भांडी घासताना आईनं मला खरं कारण सांगितलं. बाबांना निवृत्तीनंतरही घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळत होता. त्यावर धाकटीचं नाव होतं. ती कमावती झाली की नाव कटणार. तिचा शेवटचा प्रवास आपल्या पासावर व्हावा, आपण तिला विमानाच्या दारापर्यंत न्यावं, एवढंच बाबांच्या मनात होतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं असतं तर मी भांडलेच नसते. पण सांगितलं असतं तर ते आमचे बाबा कसले!

मग अशी गोष्ट झाली की भांडण आपोआप मिटलं. जाण्याच्या दिवशीच कळंबोलीच्या नाक्यावर प्रकल्पग्रस्तांचा रास्ता रोको जाहीर झाला. पहाटेपासून एसटी बंद, जीपवाल्यांनी हात वर केले. बाबांची मान ताठ झाली. "रस्ता कुनी पन अडवल. रुळावर कुनी येत नाय."

आईला वेगळीच काळजी. जाण्याचा दिवस नेमका अमावस्येचा. पोरगी अमावस्येला परदेशी धाडायची म्हणजे काय! पण आपल्या लोकांनी यावर तोड काढून ठेवलेली आहे. मुहूर्त चांगला आणि जाणं नंतरचं असलं की प्रस्थान ठेवतात. म्हणजे चांगल्या घटकेला जाणाऱ्याची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. पुढे प्रत्यक्ष जाताना ते बोचकं उचलायचं आणि पुढे व्हायचं. ते परत घरात आणायचं नाही, भुईला टेकवायचं नाही, एवढं पथ्य.

आईनं दोन दिवस आधी प्रस्थान ठेवलं. कुठे? फाटकवाल्याच्या गुमटीत. रुळाच्या पलीकडे, पण वाटेवर, शिवाय रेल्वेचीच जागा. फाटकवाले काका बाबांचे जुने सोबती. त्यांनी फळीवर, कंदिलाशेजारी, ते पिवळं बोचकं मानानं ठेवलं.

आणि त्यात तांदूळ-सुपारीबरोबर आईनं पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं तिकीट घातलं.

मला हे कळलं ते फार उशिरा. नंतर मी आईवर ओरडले तेव्हा तिनं मला शांतपणे समजावलं, "सुपारीला काय, कुनाची पन सुपारी. जी वस्तू घेऊन ती उडनार, तीच निघाली पाहिजे ना येळेवर?" धाकटीला विचारलं, तू कशी तयार झालीस? तर म्हणे, आईचा जीव शांत होत होता, आणि दोन पावलांवरच तर गुमटी.

त्या सकाळी आपट्याला काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिघं घरातून निघाले आणि फाटकाशी आले तर फाटकावर मालगाडी आडवी. पनवेलकडे जाणारी, पण रूळ मोकळा नाही म्हणून पहाटेपासून स्टेशनात थांबलेली आणि इतकी लांब की तिचं शेपूट फाटक अडवून बसलेलं. गुमटी पलीकडे. कुणीही दुसरा असता तर डब्याखालून वाकून पलीकडे गेला असता. आपट्याची गुरंसुद्धा जातात. पण बाबांनी जन्मभर लोकांना त्यावरून शिव्या घातलेल्या. "उभ्या गाडीखालनं जायाचा नाय." त्यांनी दोन डब्यांच्या फटीतून हाक मारली. काका पलीकडून ओरडले, "तुमी व्हा फुडं मुकादम, मी वळसा घालून आनतो."

तेवढ्यात पॅसेंजर आली. धाकटी आणि आई बायकांच्या डब्यात चढल्या, बाबा बॅगा घेऊन मागच्या डब्यात. आई समजली, काकांनी बोचकं बाबांना दिलं. बाबा समजले, काकांनी आईला दिलं. काका मालगाडीच्या शेपटाला वळसा घालून, बोचकं दोन्ही हातांत धरून फलाटावर पोचले तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा लांब गेला होता.

मीही सहारपर्यंत जाणार होते, म्हणून पनवेलच्या फलाटावर डबा घेऊन उभी होते. घावन आणि चटणी, चौघांचं. गाडी आठ-सव्वाआठला आली. धाकटी दारातच होती. नवी साडी, केसांत अबोली, आणि चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा. मी शाळामास्तरीण, आधी मिठी मारायची सोडून विचारलं, "पासपोर्ट घेतलास?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मागच्या डब्यातून उतरणाऱ्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत मला सगळं समजलं.

आई मट्कन बाकावर बसली. बाबा स्टेशनमास्तरांच्या खोलीकडे चालू लागले. मी मागून.

स्टेशनमास्तर मध्यम वयाचे, चष्मेवाले, नीटनेटके. त्यांच्या टेबलावर तो काळा फोन होता, ज्यावरून स्टेशनं एकमेकांशी बोलतात. बाबांनी सांगितलं. ते म्हणाले, "मुकादम, हा फोन घरगुती कामाला नाही, तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"नाय सायब," बाबा म्हणाले, आणि खरंच मागे वळले. मला असा संताप आला! मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आपट्याच्या मालगाडीची चौकशी तर करणारच असाल. तेव्हा त्यांना विचारा की गुमटीत एक पिवळं बोचकं आहे का. सरकारचा काय खर्च होणार आहे त्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत पोरं कशी बघतात, तसं. मग फोन उचलला. आधी मालगाडीचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून बोचक्याचं. फोन ठेवून म्हणाले, "आहे. फाटकवाला ते हातात घेऊन स्टेशनातच रडवेला उभा आहे. आता तुमची पॅसेंजर इथं पोचली, त्यामुळे तिकडचा रूळ मोकळा झाला. मालगाडी पाच मिनिटांत सुटेल. बोचकं गार्डकडे दिलंय, शेवटच्या डब्यात."

मला तर उडी मारावीशी वाटली. पण बाबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी विचारलं, "उभी कुठं करनार?"

तोच प्रश्न. आणि आता त्याचं वजन मला कळलं. पनवेलला एका रुळावर आमची पॅसेंजर उभी. ती का उभी? कारण दिव्याहून उलट दिशेची गाडी येत होती. ती आल्याशिवाय आमची सुटणार नाही. त्या येणाऱ्या गाडीसाठी दुसरा रूळ रिकामा ठेवलेला. तिसऱ्यावर सिमेंटच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. म्हणजे मालगाडीला स्टेशनात जागाच नाही. ती बाहेरच्या सिग्नलला थांबणार, आणि गार्डचा डबा त्या चाळीस वाघिणींच्या मागे, मैलभर लांब. गार्ड गाडी सोडून येऊ शकत नाही.

"दिव्याची गाडी येईपर्यंतच मला तुमची पॅसेंजर धरता येते," स्टेशनमास्तर म्हणाले. "ती आली की एक मिनिट नाही. पुढं तळोज्याला कंटेनर खोळंबलाय. आणि पुढची पॅसेंजर दुपारी." एवढं बोलून ते थांबले, आणि मग म्हणाले, "ती गाडी जरा उशिरानं आहे. किती, ते सांगता येत नाही."

बाबांनी धोतर खोचलं आणि फलाटाच्या टोकाची उतरण उतरून रुळाच्या कडेनं चालू लागले. उजवा गुडघा दुखरा होता त्यांचा, खडीवर बसून बसून झिजलेला. मी म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "तुला रुळाकडंनं चालता येत नाय." मागे वळून धाकटीशी एक शब्द बोलले नाहीत. परत येणारच होते ना!

आता फलाटावरची गंमत ऐका. गाडीत रोजची मंडळी होती. ठाण्याचे कारकून, डोंबिवलीचे फिटर, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. सगळे घड्याळं बघत, दिव्याच्या गाडीला लाखोली वाहत. एक पेपरवाले गृहस्थ मोठ्यानं वाचून दाखवत होते की पनवेलला विमानतळ झाला की थेट गाड्या सुरू होणार. दुसरा म्हणाला, "आधी ही सुरू करा हो." सगळे हसले. साऱ्या फलाटाचे डोळे उत्तरेला लागलेले, गाडी लवकर यावी म्हणून. आणि त्या गर्दीत आम्ही तिघी बायका तेवढ्या, ती येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या. आयुष्यभर ज्या उशिराला मी शिव्या दिल्या त्याच्यापुढे मी त्या दिवशी हात जोडले. कंटेनर, खत, सिमेंट, जे काही त्या एकेरी रुळावर असेल ते सगळं आज आडवं येऊ दे, असं मनात म्हटलं.

आठ पस्तीसला मालगाडीची शिट्टी दक्षिणेकडून आली. सिग्नल लाल, ती थांबली. फलाटाच्या टोकावरून मला तिचं काळं तोंड दिसत होतं. बाबा तिच्या कडेनं मागे मागे गेले आणि दिसेनासे झाले. सिग्नलच्या अलीकडे गँगचं काम चालू होतं, चार माणसं वाकून खडी भरत होती आणि पाचवा झेंडी घेऊन उभा. बाबांचीच जुनी गँग.

मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याबद्दल मला अजून चुटपुट लागते. पास बाबांच्या खिशात होता. ते वेळेत परत आले तर ठीकच. पण बोचकं आलं आणि बाबा मागे राहिले तर? या दोघी विनापास कशा जाणार? मी तिकिटाच्या खिडकीशी गेले. "अंधेरी, दोन," मी म्हटलं. माझं तिसरं मी घेतलंच नाही. धाकटीला मुंबई माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. वाट दाखवायला माझी गरज नव्हती. आणि बाबा मागे राहिले तर त्यांच्याजवळ कुणीतरी हवं. ती दोन पुठ्ठ्याची तिकिटं मुठीत घेऊन परत येताना मला वाटलं की मी बाबांचा शेवटचा प्रवास स्वतःच्या हातानं रद्द करून आले.

बाबांच्या डब्यातल्या बॅगा बायकांच्या डब्यात आणून ठेवल्या आणि धाकटीच्या हातात तिकिटं दिली. तिला लगेच कळलं. "ताई, बाबा नाही आले तर मी जाणार नाही."

"मग तुझी जागा दुसरीला मिळेल," मी म्हटलं. कठोर बोलले, कारण तसं बोलले नसते तर रडले असते. "बाबा मैलभर चालत गेलेत ते तू थांबावीस म्हणून?"

आठ पंचावन्नला उत्तरेकडून हॉर्न वाजला. फलाटावर टाळ्या पडल्या. दिव्याची गाडी वळणावर दिसली. आणि त्याच वेळी, दुसऱ्या टोकाला, मालगाडीच्या इंजिनाशेजारून बाबा लंगडत पुढे येताना दिसले. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेलं पिवळं बोचकं. भुईला टेकवायचं नव्हतं ना ते.

ते गँगपाशी पोचले तोवर दिव्याची गाडी फलाटाला लागली होती. गँग ते फलाट हे अंतर तरण्या माणसाला तीन-चार मिनिटांचं, बाबांना दहा. आमच्या गाडीच्या इंजिनानं पहिली शिट्टी दिली.

मला लांबून एवढंच दिसलं की बाबा झेंडीवाल्याशी काही बोलले, बोचकं त्याच्या हातात गेलं, आणि तो सुटला. पंचविशीचा गडी, गावच्या कबड्डीत खेळणारा. खडीवरून त्याला पळताना मी पाहिलं आणि वाटलं, याचा पाय मुरगळला तर? नाही मुरगळला. तो उतरण चढून फलाटावर आला तेव्हा आमच्या गाडीला निघायचा सिग्नल पडला होता. आईनं ओंजळ पुढे केली, त्यानं ओंजळीत बोचकं ठेवलं. आईनं तिथेच गाठ सोडून पाहिली. आत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, आणि तांदूळ. आई धाकटीला ढकलतच गाडीत चढली.

"बाबा कुठं आहेत?" धाकटी दारातून ओरडली.

झेंडीवाल्याला धाप लागली होती. "मुकादम माज्या जागी हायेत. झेंडी त्यांच्या हातात हाय. मी परत जाईस्तोवर ते हलायचे नाय."

मग मी नीट पाहिलं. गँगची चार माणसं अजून वाकून काम करत होती, त्यांची फावडी रुळात. आमची गाडी सुटली की इकडचा रूळ रिकामा होणार, आणि लगेच त्या मालगाडीला आत घेणार. ती हलली की त्या चौघांना शिट्टी वाजवून बाजूला करणं हे झेंडीवाल्याचं काम. त्याची नजर गाडीवरून हटता कामा नये. झेंडीवाल्याला पळवायचं तर त्याच्या जागी कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, आणि बाबा उभे राहिले होते. आमच्याकडे पाठ, तोंड मालगाडीकडे, एका हातात लाल झेंडी.

गाडी हलली. धाकटी दारातल्या दांड्याला धरून बाहेर झुकली, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "बाबा!" एवढ्या लांब कुठलं ऐकू जातंय. ऐकू गेलं असतं तरी ते वळले नसते. तिला मी ओळखते, तिनं तेवढ्यापुरतं डोळ्यांत पाणी आणलं नाही. बापाच्या पाठीकडे बघत राहिली. मी हात हलवायचं विसरले आणि बाबांकडेच पाहत राहिले. तेव्हा मला एक विचित्र गोष्ट दिसली. बाबांचा दुखरा पाय रुळावर होता. रुळावर पाय ठेवायचा नाही, घसरतो, हे त्यांनी लहानपणी आम्हाला थोबाडीत मारून शिकवलेलं. आणि आज स्वतः? मला वाटलं, थकले बिचारे, गुडघ्याला टेकू दिला असेल.

झेंडीवाला परत पळत गेला. पाठोपाठ मालगाडी हलली, माणसं बाजूला झाली, बाबांनी झेंडी त्याच्या स्वाधीन केली. फलाटावर यायला त्यांना चांगलाच वेळ लागला.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"बोचका खाली नाय ना ठेवला कुनी?"

"नाही ठेवलं."

ते बाकावर बसले. मी डबा उघडला. आम्ही दोघांनी चौघांचं घावन खाल्लं. मध्येच ते म्हणाले, "एवढ्या लांबची गाडी वेळेत गाठायची ती एका रुळावर कशी गाठायची? होईल दुसरा रूळ. करायलाच लागंल त्यांना." रागानं नाही बोलले. कामाचं माणूस पुढच्या कामाचं बोलतं, तसं बोलले. मग त्यांनी खिशातून पास काढला, उघडला, घडी नीट केली आणि परत खिशात ठेवला. मी तिकिटांचं सांगितलं. "बरा केलास," म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं आई एकटी परत आली. बाराला दहा कमी असताना त्या विमानतळाच्या दारात पोचल्या होत्या. आईला आत सोडलं नाही, काचेतून धाकटी दिसली तोवर ती उभी राहिली. विमान काही तिला दिसलं नाही. पण आवाज ऐकला म्हणे, आणि तो आपल्या लेकीच्याच विमानाचा, यात तिला शंका नव्हती.

बाबा त्या दिवशी आपट्याला गेले नाहीत. माझ्याकडे राहिले, कारण आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता आणि धाकटी पोचल्यावर तिथे करणार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. शेजारीणबाईंनी आम्हाला हाका मारल्या, आम्ही सगळे धावलो. पोचली, राहायची खोली चांगली आहे, बरोबर केरळच्या दोन मुली आहेत, परवापासून कामावर. मिनिटाला किती पडतं कोण जाणे, म्हणून सगळे भराभर बोलत होते. मग रिसीव्हर बाबांना दिला. ते फोनवर ओरडून बोलत, त्यामुळे धाकटीही ओरडत होती आणि तिचं मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, मी दारातच होते. मला नुसती तुमची पाठ दिसली."

"वळायचा नसतो गो बाय. मानसं व्हती रुळात."

"माहीत आहे. पण तुम्हाला मी जाताना दिसलेच नाही ना."

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दिसली नाय," ते म्हणाले, आणि या वेळी अजिबात ओरडले नाहीत. "पन पाय ठेवला व्हता मी रुळावर. तुजी गाडी सुटली ती मना पायाला कळली. तवा जीव थंड झाला."